फुलं रचायला केनझान: दसऱ्यापासून मृगापर्यंतचा अनुभव

दसऱ्याच्या आठवड्यात केनझान घेतला. शिशाच्या जड चकतीवर पितळेच्या उभ्या सुया; चकती पाण्याच्या उथळ भांड्यात ठेवून त्यात देठ रोवायचे. जपानी लोक इकेबाना या त्यांच्या पुष्परचनेसाठी वापरतात तोच. माझा साधारण सात सेंटिमीटरचा, गोल. त्याआधी बरीच वर्षं मी देठ खोचायचा हिरवा फोम वापरत होते. तो फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचा, म्हणजे प्लास्टिकच. कुजत नाही आणि एकदा भोकं पडली की टाकूनच द्यावा लागतो. दर सणाला त्याचा भुगा मोरीतून वाहून जाताना मला फार वाईट वाटायचं.

पहिला फरक फुलांच्या संख्येत पडला. फोम झाकायला पंचवीस-तीस फुलं तरी लागायची. केनझानवर सात-आठ पुरतात, कारण प्रत्येक देठ एकटा उभा दिसतो. मग बाहेरून येणाऱ्या जरबेरा-कार्नेशनची गरजच वाटेना. सकाळी लवकर नागपुरात बर्डीला नेताजी मार्केटमध्ये जायचं आणि त्या दिवशी आसपासच्या गावांतून जे आलं असेल ते आणायचं.

सुरुवातीला झेंडू आणि कुर्डू होते. कुर्डू शेताच्या धुऱ्यावर उगवणारं तण, पण त्याचे गुलाबी-पांढरे तुरे केनझानवर इतके डौलदार उभे राहतात की पाहुणे नाव विचारतात. झेंडूचा देठ मऊ; पाण्याखाली एक पान जरी राहिलं तरी दुसऱ्या दिवशी वास सुटतो. पानं खुडायची आणि पाणी रोज बदलायचं, यात आळस चालत नाही.

खरी मजा हिवाळ्यात. नागपूरच्या थंडीत शेवंती माझ्याकडे बारा दिवस टिकली. तिच्या जोडीला अंबाडीच्या लाल बोंडांच्या फांद्या लावल्या. भाजी-चटणीपलीकडे अंबाडीकडे आपण बघतच नाही, पण त्या गडद लालीपुढे विकतचा कुठलाही फिलर (रचनेतली रिकामी जागा भरायची फुलं-पानं) फिका पडतो. जानेवारीत परसातला सांबार फुलावर आला. (पुण्या-मुंबईकडच्यांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर.) त्याची बारीक पांढरी फुलं ग्लॅडिओलसच्या पायाशी विकतच्या जिप्सोफिलापेक्षा हलकी दिसतात. ग्लॅडिओलस खालून वर उमलत जातो, म्हणून सुकलेलं खालचं फूल रोज काढायचं. डेलिया मात्र तीन दिवसांच्या वर टिकला नाही.

सुयांचं तंत्र जमायला महिना गेला. मऊ देठ सरळ कापायचा. लाकडी फांदी तिरपी कापून टोकाला चीर द्यायची, आधी सरळ रोवायची आणि मग हवी तशी कलती करायची. फेब्रुवारीत पळसाची जाड फांदी जोर लावून दाबली आणि तीन सुया वाकल्या. पक्कडीने सरळ केल्या, पण पूर्वीसारख्या झाल्या नाहीत. ॲस्टर, कॉसमॉससारखे बारीक देठ सुयांमधून निसटतात. चार-पाच देठ दोऱ्याने बांधले की जुडी नीट उभी राहते. भांडं जड हवं, आणि खाली रबराची चकती घाला, नाहीतर चिनीमातीवर ओरखडे येतात. सुयांत अडकलेले तुकडे जुन्या टूथब्रशने निघतात. शिसं असल्यामुळे हाताळल्यावर हात धुवा आणि ते भांडं खाण्यासाठी वापरू नका.

उन्हाळ्याबद्दल स्पष्ट सांगते: मे महिन्यात निराशा झाली. पारा पंचेचाळिसावर आणि घरात दिवसभर कूलर. उथळ भांड्यातलं पाणी सकाळी भरलं की संध्याकाळपर्यंत अर्धं व्हायचं. कूलरच्या झोतात पाकळ्या कडेने करपतात, म्हणून भांडं झोतापासून दूर, देवघराच्या कोपऱ्यात हलवलं. पिकत घातलेल्या आंब्यांच्या खोलीत फुलं ठेवू नका. आंब्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती लवकर माना टाकतात. बहाव्याचे घोस दुसऱ्या दिवशी गळले. मोगऱ्याला देठच आखूड, तो सुयांवर बसत नाही. मी फक्त एक हिरवी फांदी रोवली आणि भोवती पाण्यात मोगरा सोडला. सासूबाईंना वर्षभरातली हीच रचना सगळ्यांत आवडली.

कुणाला भेट द्यायला मात्र याचा उपयोग नाही. ऑटोत रचना हलते, पाणी सांडतं. त्यासाठी मी देठ एकाच दिशेने तिरपे फिरवत हातातच गुच्छ बांधते आणि सुतळीची गाठ मारते.

रोज पाणी बदलायला पाच मिनिटं देता येत असतील तर जरूर घ्या. पैसे वाचवायला लहान आकार घेऊ नका, शेवंतीच्या तीन काड्यांतच तो आडवा होतो. मी वाकलेल्या सुयांचा ठेवून याच मापाचा दुसरा मागवणार आहे, गुलछडीचा हंगाम सुरू व्हायच्या आत.