जर्मन थडग्यांचे लेख आणि कॅमेरा-भाषांतराचं ॲप: आठ महिन्यांनंतर

'रोझिना'ची 'रोफिना' झाली तेव्हा हे लिहायचं ठरलं. ॲपचं नाव देत नाही. या जातीची तीन-चार वापरली, दुखणं सगळ्यांचं एकच. फोन धरा, अक्षरं ओळखा, भाषांतर घ्या, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर शब्द घालवत नाही. वापर पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स आणि लँकेस्टर काउंटीतल्या जुन्या ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड दफनभूमींत, साधारण १७६० ते १८६० मधल्या दगडांवर. इकडच्या जर्मन घरांत सून किंवा जावई म्हणून गेलेली आणि सासरची वंशावळ गळ्यात पडलेली मराठी मंडळी बरीच असावीत, मुख्यतः त्यांच्यासाठी.

खरा वैरी आहे लांब 'एस'. फ्राक्टूर, म्हणजे जुन्या जर्मन मजकुराच्या कोनदार अक्षरांच्या लिपीत, शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये येणारा 'एस' उभा, लांब असतो आणि हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो. फरक एवढाच, की 'एफ'ची आडवी रेघ दांड्याच्या उजवीकडे बाहेर येते. लांब 'एस'ला ती नसते, फार तर डावीकडे बारीकसं टोक. ॲप सरसकट 'एफ' वाचतं. 'झाइन' म्हणजे 'त्याचा', त्याचं होतं 'फाइन', म्हणजे 'नाजूक, छान'. 'रूहे झान्फ्ट', शांत विसावा घे, याचं 'फान्फ्ट' झालं की ॲप काहीतरी मनाचं जुळवतं. मजकुरातली चूक निदान खटकते तरी. नावातली खटकत नाही. सुझाना 'सुफाना' होते, एलिझाबेथ 'एलिफाबेथ', आणि हीच नावं लोक वंशावळीच्या संकेतस्थळांवर जशीच्या तशी चढवतात.

यावर एक नियम फुकट मिळतो आणि तो ॲपपेक्षा जास्त कामाचा आहे. शब्दाच्या शेवटी लांब 'एस' कधीच येत नाही, तिथे गोल 'एस' असतो. म्हणून शब्दाच्या शेवटी 'एफ' दिसला तर तो खरा. आधी किंवा मध्ये दिसला तर संशय घ्या.

पहिले तीन महिने मी सगळा दोष ॲपवर टाकत होतो. तो निम्माच बरोबर होता. विजेरी डावीकडून दगडाला जवळजवळ चिकटवून, दहा-पंधरा अंशांत धरली की झिजलेली अक्षरं उठून दिसतात, हे सगळेच सांगतात. पण बाजूने येणारा उजेड आडव्या रेघेच्या लांबीवरूनच धावतो. तिला सावलीच पडत नाही आणि ती गायब होते. म्हणजे ज्या रेघेवर 'एफ' की 'एस' ठरायचं, नेमकी तीच या उजेडात दिसत नाही. म्हणून प्रत्येक दगडाचे किमान दोन फोटो: एक बाजूच्या उजेडात, एक वरून किंवा खालून. ऊन असेल तर छत्रीने दगडावर सावली करा. पूर्वेकडे तोंड असलेल्या दगडाला दुपारी बाराच्या आसपास ऊन आपोआप घासून जातं; तेव्हा विजेरीही नको. हे सुरू केल्यापासून 'बी'-'व्ही', 'एन'-'आर', 'के'-'टी' हे घोळ चांगलेच कमी झाले. लांब 'एस'चा घोळ मात्र ॲपकडून अजून होतोच.

दगड उजळायला शेव्हिंग फोम, खडू, पीठ, तारेचा ब्रश यातलं काही लावू नका. जुना संगमरवर साखरेसारखा सुटतो. साधं पाणी आणि मऊ ब्रश, तेही दगड घट्ट असेल तरच.

दुसरी सुधारणा: पडद्यावर थेट भाषांतर दाखवण्याची सोय बंदच करून टाका. फोटो काढा, ओळखलेला जर्मन मजकूर बाहेर घ्या, प्रत्येक 'एफ' हाताने तपासा, मग तो भाषांतराला द्या. मोडी वाचणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. आधी बाळबोध लिप्यंतर, अर्थ त्यानंतर.

लिप्यंतर बिनचूक असलं तरी पुढे भाषांतराची गंमत उरतेच. बाईच्या आडनावाला 'इन' लावायची रीत होती. 'म्युलरिन' म्हणजे म्युलर घराण्यातली. ॲप सांगतं, गिरणीवाली. 'आइने गेबोर्ने श्नायडरिन' म्हणजे माहेरची श्नायडर; ॲपच्या मते ती जन्मजात शिंपीण. चर्चच्या नोंदी शोधताना 'इन' काढूनही शोधा. 'हाउसफ्राउ' म्हणजे इथे गृहिणी नव्हे, पत्नी. 'लाइखेनटेक्स्ट'चं ॲप 'प्रेताचा मजकूर' करतं. तो दफनाच्या प्रवचनाला घेतलेला बायबलचा उतारा असतो, आणि पुढचं 'ऑफेन्ब. १४, १३' म्हणजे प्रकटीकरण, अध्याय १४, ओवी १३.

महिन्यांत आपल्याला जरा सोपं जातं. ७ च्या पुढे 'बर' कोरलेलं असेल तर तो सप्टेंबर, जुलै नव्हे; ८, ९, १० म्हणजे ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. सप्त, अष्ट, नव, दश म्हणा, चुकणार नाही. 'होर्नुंग' फेब्रुवारी, 'ब्राखमोनाट' जून, 'होइमोनाट' जुलै, 'क्रिस्टमोनाट' डिसेंबर. ॲप यातल्या निम्म्यांचं शब्दशः 'गवताचा महिना' वगैरे करून मोकळं होतं.

जन्मतारीख बहुतेक वेळा नसतेच. मृत्यूची तारीख आणि वय वर्षं-महिने-दिवसांत असतं. मृत्यूच्या तारखेतून वय वजा करून जन्मतारीख काढायची ८८७० ची युक्ती बऱ्याच जणांना माहीत आहे, पण अर्धवट. मृत्यू ६ मे १८८९, वय ७१ वर्षं ७ महिने ९ दिवस. दोन्ही वर्ष-महिना-दिवस असे सलग लिहा: १८८९०५०६ वजा ७१०७०९ म्हणजे १८१७९७९७. त्यातून ८८७० वजा केले की १८१७०९२७, म्हणजे २७ सप्टेंबर १८१७. मात्र दिवस आणि महिने दोन्हींत हातचा घ्यावा लागला तरच ८८७०. फक्त दिवसांत घेतला तर ७०, फक्त महिन्यांत तर ८८००, कशातच नाही तर काहीच नाही. महिना तीसच दिवसांचा धरलेला असल्याने एखाद्या दिवसाचा फरक पडतो. १७५२ आधीच्या दगडांना आणखी एक काटा आहे: प्रोटेस्टंट जर्मन संस्थानांनी १७०० मध्येच नवी (ग्रेगोरियन) दिनदर्शिका घेतली, ब्रिटिश वसाहतींत मात्र २ सप्टेंबर १७५२ नंतर थेट १४ सप्टेंबर आला. जन्म तिकडचा, मृत्यू इकडचा असेल तर ११ दिवसांची तफावत आधी तपासा.

प्रत्यक्ष जर्मनीत शोध घेणाऱ्यांनी उशीर करू नये. तिथे थडग्याची जागा ठरावीक मुदतीसाठी, बहुधा २० ते ३० वर्षांसाठी असते. मुदत वाढवली नाही तर दगड उचलतात. ॲप तिथे जरा बरं चालतं, कारण १९४१ मध्ये फ्राक्टूर अधिकृत वापरातून गेल्यामुळे अलीकडचे दगड बहुतेक साध्या रोमन अक्षरांत आहेत.

पैशांचं म्हणाल तर सशुल्क योजनेत 'जुन्या लिप्यांसाठी सुधारित ओळख' असं लिहिलंय. वर्गणी भरून आणि न भरता त्याच वीस फोटोंवर ताडून पाहिलं. लांब 'एस' दोन्हीकडे 'एफ'च. ग्राहक सेवेला फोटोसह तीनदा कळवलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, फोटो अधिक स्पष्ट काढा. मोफत आवृत्ती ठेवली आहे, कारण मजकूर टाइप करण्याचा त्रास वाचतो आणि तेवढ्यासाठी ती ठीकच आहे. पाचपैकी अडीच तारे. अर्धा त्या मजकूर बाहेर काढण्याच्या बटणाचा. वर्गणी रद्द केली. त्या पैशांत चार विजेऱ्या आल्या असत्या.