स्पेसर, स्प्रिंग-शॉकअप की पूर्ण किट: गाडी उचलण्याआधी

ऑफ-रोड गाडीचं सस्पेन्शन बदलायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती इंच लिफ्ट?’, म्हणजे गाडी मूळ उंचीपेक्षा किती वर न्यायची. माझ्या मते हा प्रश्न तिसरा. आधी बघायचं, गाडीवर कायमचं वजन किती बसलंय. मग बघायचं, गाडी जास्त कुठे चालते: दगडधोंड्यांत हळूहळू, की कच्च्या रस्त्यावर तासन्‌तास वेगात. ही दोन उत्तरं मिळाली की उंची आपसूक ठरते आणि बहुतेकांच्या बाबतीत ती ४० ते ५० मिलिमीटरच्या पुढे जात नाही.

वाटा तीन आहेत. नुसते स्पेसर टाकायचे, स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही बदलायचे, किंवा त्यांच्यासोबत आर्म (चाकाला किंवा ॲक्सलला चेसिसशी जोडणारे दांडे), पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा दांडा) असे भागही घेऊन पूर्ण किट बसवायची.

स्पेसर म्हणजे स्प्रिंगच्या किंवा स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसवलेल्या भागाच्या) डोक्यावर बसणारी जाड चकती. सगळ्यात स्वस्त, आणि काम अर्ध्या दिवसाचं. पण स्प्रिंग तीच, शॉकअप तोच. गाडी आधी आपटत असेल तर नंतरही आपटणार, फक्त थोड्या उंचीवरून. थोडा मोठा टायर घासतोय आणि सस्पेन्शनबद्दल दुसरी काही तक्रार नाही, एवढ्यापुरता स्पेसर ठीक.

त्यातही दोन प्रकार आहेत आणि दोघांच्या खोडी वेगळ्या. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या, म्हणजे पुढचं प्रत्येक चाक वेगळं हलणाऱ्या गाडीत, उदाहरणार्थ टोयोटा हायलक्समध्ये, स्ट्रट खालच्या आर्मवर अधेमधे टेकलेला असतो आणि चाक असतं आर्मच्या टोकाला. त्यामुळे स्ट्रटच्या डोक्यावर २५ मिलिमीटरची चकती टाकली की चाकापाशी जवळजवळ ५० मिलिमीटर उंची मिळते. शिवाय अख्खा स्ट्रटच खाली सरकतो, म्हणून चाक मोकळं लोंबतं तेव्हा कंपनीने धरलेल्या मर्यादेच्याही खाली जातं आणि बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा सांधा), सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणाऱ्या शाफ्टचा सांधा) नको तेवढे वाकतात. दुसऱ्या प्रकारात चकती स्प्रिंग आणि तिच्या बैठकीच्या मध्ये बसते. तिथे शॉकअपची लांबी तीच राहते, पण गाडी वर उभी असल्याने चाकाला खाली जायला जागा कमी उरते. खड्ड्यात चाक उतरलं की शॉकअप पूर्ण ताणला जातो आणि ठक्क असा आवाज येतो. चाकाने जमीन धरून ठेवावी म्हणून आपण हा सगळा खटाटोप करतो, आणि इथे तीच पकड आधी सुटते. मी चाकापाशी ३० मिलिमीटरच्या पुढे स्पेसरवर भरवसा ठेवत नाही.

आणखी एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. जिम्नी किंवा रँग्लरसारख्या पुढे-मागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच कडक दांडा) असलेल्या गाडीत लिफ्टमुळे डिफचा, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने. लिफ्टमुळे वर जातं ते गाडीचं पोट आणि बंपर.

आता खरा विषय, स्प्रिंग आणि शॉकअप. एकाच गाडीसाठी साधारण दोन-तीन दर्जांच्या स्प्रिंग मिळतात: जादा काही न लादलेल्या गाडीसाठी, मध्यम वजनासाठी, जड वजनासाठी. निवडताना कागद घ्या आणि कायम लादलेलं सगळं लिहून काढा. लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र), छतावरचा रॅक, दुसरी बॅटरी, मागचे ड्रॉवर. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, हे बरेचजण धरतच नाहीत. ‘पुढेमागे सामान वाढेल’ म्हणून जड स्प्रिंग घेऊन ठेवणं ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक. रिकाम्या गाडीखाली जड स्प्रिंग दबतच नाही, चाक दगडावरून उडतं, पकड जाते आणि मागे बसलेल्यांची कंबर जाते.

नुसत्या डोळ्यांनी स्प्रिंग जोखू नका. तिचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार १० टक्क्यांनी जाड झाली, म्हणजे १२ मिलिमीटरची १३.२ झाली, की बाकी सगळं तेच असूनही स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक होते. हातात धरून हा फरक जाणवणार नाही, दगडांत मात्र पहिल्या दिवशी जाणवेल.

वजन कधीमधीच असेल, म्हणजे वर्षातून दोन मोठ्या सफरी आणि एरवी गाडी रिकामी, तर मध्यम कॉइल स्प्रिंगच्या आत हवेची पिशवी बसवणं जड स्प्रिंगपेक्षा चांगलं. मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या पिकअपला मात्र हा सल्ला मी देणार नाही. पाटे आपला भार चेसिसवर पुढे आणि मागे अशा दोन ठिकाणी वाटून देतात. पिशवी तोच भार मधल्या एका जागी लोटते, आणि जास्त भरलेल्या डबल-कॅब पिकअपची चेसिस नेमकी अशीच वाकते.

स्प्रिंग नवी आणि शॉकअप जुना, ही जोडी टाळाच. स्प्रिंग दबताना घेतलेली ताकद परत फेकते आणि तिला आवरणं शॉकअपचं काम. कडक स्प्रिंग जास्त जोराने उसळते आणि जुना शॉकअप तिला आवरायला पुरत नाही. पैसे एका वेळी एकाचेच असतील तर थांबा, पण दोन्ही एकदम बदला.

शॉकअपमध्ये ट्विन-ट्यूब की मोनोट्यूब, यावर वाद बराच चालतो, पण उत्तर तुमच्या रस्त्यावर आहे. ट्विन-ट्यूबमध्ये नळीत नळी असते; आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि कमी दाबाचा वायू. बाहेरून दगड लागून पोचा आला तरी आतला पिस्टन बहुधा चालत राहतो. पण लाटालाटांच्या कच्च्या रस्त्यावर तासभर पळवली की तेलात वायू मिसळून फेस होतो आणि शॉकअप ढिला पडतो. त्या वेळी शॉकअपवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्रर्र होऊन उडू शकतो, इतकी उष्णता साठते. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, आणि तेल व दाबाखालचा नायट्रोजन यांच्यामध्ये एक तरंगता पिस्टन. फेस होत नाही, उष्णता थेट नळीतून हवेत जाते. बिल्स्टाइनने १९५७ साली मर्सिडीज-बेंझबरोबर हे तंत्र मोठ्या उत्पादनात आणलं, आणि तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. तिचं दुखणंही तेच: नळीला मोठा पोचा आला की पिस्टन अडकतो.

म्हणून दगडांत हळू चालणाऱ्याला मी मोठ्या व्यासाचा ट्विन-ट्यूब सुचवतो, किंवा बाहेरच्या नळीत वायूऐवजी फोम असलेला फोम-सेल. वेग कमी म्हणून उष्णता कमी, आणि मार जास्त. लांब पल्ल्याच्या कच्च्या रस्त्यांसाठी मोनोट्यूब. बाहेरच्या डब्याचे रिझर्व्हॉयर शॉकअप दिसतात देखणे, कामही उत्तम करतात, पण ते जड गाडी रोज वेगात झोडपणाऱ्यासाठी. शनिवार-रविवारच्या फेरफटक्याला त्यांची गरज नाही.

पूर्ण किटची गरज ५० मिलिमीटरच्या पुढे पडते. सॉलिड ॲक्सलच्या गाडीत पॅनहार्ड रॉड ॲक्सलला बाजूला खेचतो. कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो; त्यामुळे वळल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि वेगात गाडी भरकटते. प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून ॲक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन वाढून थरथर येते, ब्रेकची नळी आखूड पडते. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर वरचे आर्म बदलल्याशिवाय अलाइनमेंट जमत नाही. हे सगळं घ्यायची तयारी नसेल तर ५० वर थांबा. गाडी जितकी उंच, तितकी उतारावर कलंडायला सोपी. आणि किती उंची चालते हे नोंदणीच्या आणि विम्याच्या नियमांत आधी बघून घ्या.

घरी बसवायचं का? सॉलिड ॲक्सल आणि शॉकअपपासून सुट्या कॉइल स्प्रिंग असतील तर हो. चेसिस जॅकस्टँडवर टेकवायची, शॉकअप सोडायचे आणि ॲक्सल जॅकने हळू खाली घ्यायचा. स्प्रिंग हाताने निघते. एक डोळा ब्रेकच्या नळीवर आणि एबीएसच्या वायरवर ठेवा. स्ट्रट मात्र घरी उघडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतू शकतं. जोडून तयार मिळणारे स्ट्रट घ्या किंवा हे काम कारागिराकडे द्या.

एक चूक मी स्वतः केली आहे. आर्मचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असतानाच पूर्ण आवळले. आर्मच्या सांध्यातले रबरी बुश त्याच स्थितीत पकडले गेले, गाडी खाली आल्यावर कायम पिळलेले राहिले आणि काही महिन्यांत फाटले. बोल्ट आधी हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चारदा दाबून हलवा आणि मगच टॉर्क पान्हा (ठरलेल्या जोराने आवळणारा) लावा. पाट्यांचे यू-बोल्ट नेहमी नवे घ्या. एकदा ताणले गेलेले पुन्हा नीट धरत नाहीत. सगळे बोल्ट ५०० किलोमीटरनंतर परत तपासा.

काम सुरू करण्याआधी हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत चारही कोपऱ्यांचं माप घेऊन लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेने ते माप बदलतं. बसवल्यावर पुन्हा मोजा, अलाइनमेंट करा, हेडलाइटचा झोत खाली घ्या. हजारेक किलोमीटरनंतर तिसरं माप घ्या. नवी स्प्रिंग थोडी बसते, ते चालतं. पण एकच कोपरा बाकीच्यांपेक्षा जास्त बसला असेल तर त्या बाजूच्या स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेत नीट टेकलंय का, ते आधी बघा.