ओपन ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, वर्षभर वापरल्यावर: आवाज मस्त, आयडलचा बट्ट्याबोळ

जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसवर, म्हणजे १.८ टर्बो, वीस व्हॉल्व्हवाल्या इंजिनावर, हवेत उघडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (पाय उचलल्यावर टर्बोने दाबलेली जादा हवा बाहेर सोडणारी झडप) वर्षभर वापरला. सोबत स्टेज वन रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल) आणि कोन फिल्टर. गिअर बदलताना येणाऱ्या फुसकाऱ्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पोरं वळून बघतात. तक्रार आयडलची, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन हळू फिरत राहण्याची आहे, आणि त्यावर गॅरेजने हातात ठेवलेल्या एस्टिमेटची.

सिग्नल जवळ आला, पाय उचलून क्लच दाबला की आरपीएमचा काटा ८०० वर थांबायचा सोडून ५०० च्या खाली जायचा. कधी सावरायचा, कधी गाडी बंद. नळस्टॉपला पुढची गाडी बंद पडल्यावर मागचे काय काय ऐकवतात हे पुणेकरांना सांगायला नको. सकाळी थंड इंजिनावर आणखी वेगळं: काटा सारखा वर-खाली. मग चेक इंजिनचा दिवा, कोड पी११३६.

गॅरेजचं निदान तयारच होतं: एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा), थ्रॉटल बॉडी (इंजिनात किती हवा जाईल ते ठरवणारी झडप) आणि पेट्रोल फवारणारे चारही इंजेक्टर बदला, ५० हजारांच्या पुढे. कशावरून म्हणता, असं विचारलं तर उत्तर आलं, "या गाड्यांना हे लागतंच." एकही रीडिंग घेतलेलं नव्हतं! याचा राग अजून गेलेला नाही. पी११३६ चा अर्थ एवढाच की आयडलला मिश्रण लीन आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. कुठला पार्ट गेला हे कोड सांगत नाही.

मित्राकडून व्हीसीडीएसची (गाडीचा कॉम्प्युटर लॅपटॉपवर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरची) केबल आणली आणि मेजरिंग ब्लॉक ०३२, म्हणजे रीडिंगचं एक पान, उघडला. या ब्लॉकसाठी मी कितीही वेळ बोलू शकतो. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोलमध्ये किती दुरुस्ती करतोय ते इथे दिसतं: पहिला आकडा आयडलची दुरुस्ती दाखवतो, दुसरा चालत्या गाडीची; अधिक म्हणजे पेट्रोल वाढवतोय. माझा पहिला +८ च्या वर, दुसरा +५. आयडलला इंजिन सेकंदाला जेमतेम तीन ग्रॅम हवा घेतं, त्यामुळे चोरून आत येणारी थोडी हवाही तिथे भारी पडते. वेगात तेवढ्या हवेने फारसा फरक पडत नाही. एमएएफ मेला असता तर दुसरा आकडा जास्त बिघडला असता. आणि तो +५ कशामुळे, तर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे. निव्वळ पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण १३.५ पट. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं, आणि जुन्या मॅपवर, म्हणजे ईसीयूतल्या इंधनाच्या जुन्या तक्त्यावर, हा आकडा थोडा वर राहणारच. तेवढ्यासाठी इंजेक्टर बदलायला निघणं म्हणजे पैसे पाण्यात.

मग व्हॉल्व्हकडे वळलो. आयडलला त्याच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरला, तो आत ओढून चिकटला. स्प्रिंग मऊ, व्हॅक्यूमने झडप अर्धवट उघडी, आणि न मोजलेली, न गाळलेली हवा थेट इंजिनात. पाय उचलल्यावर बरोबर उलटं: एमएएफने मोजलेली हवा बाहेर फेकली जाते, ईसीयू मात्र तिच्या हिशेबाने पेट्रोल सोडतो, मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होतं, आणि गाडी गुदमरते. कंपनीचा व्हॉल्व्ह हीच हवा टर्बोच्या आधीच्या पाइपात परत सोडतो, म्हणून हिशेब जुळतो. मी तसाच हवा परत सोडणारा बॉशचा ७१०एन बसवला. सिग्नलला बंद पडणं त्याच दिवशी थांबलं.

इथवर सगळा दोष व्हॉल्व्हचा असंच माझं मत होतं. पण थंड इंजिनाचा झोका गेला नाही, पहिला आकडाही +४ वर अडून राहिला. दुसऱ्या एका मेकॅनिककडे स्मोक टेस्ट (पाइपांत धूर सोडून गळती शोधतात ती) केली, खर्च त्या एस्टिमेटच्या पासंगालाही पुरत नाही. मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांच्या) खालून पांढरी बारीक रेघ वर आली. क्रँककेस ब्रीदरची (इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत नेणाऱ्या व्यवस्थेची) टी-जोडाची नळी तेलाने फुगून लिबलिबीत झालेली. चिमटीत धरली तर तुकडा हातात आला. वीस वर्षांचं रबर, त्यात रिमॅपने बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवलेला. तेव्हा व्हॉल्व्हला मी अर्धाच दोष देतो.

नळी बदलल्यावरच थ्रॉटल अडॅप्टेशन (थ्रॉटलच्या जागा ईसीयूला पुन्हा शिकवणं) केलं, ब्लॉक ०६०, इग्निशन ऑन, इंजिन बंद. बरीच गॅरेजेस ते आधी करतात. गळती तशीच असताना त्याला काही अर्थ नाही. कोड पुसला की ०३२ चे आकडेही शून्यावर जातात, म्हणून लगेच बघून खूश होऊ नका, थोडी गाडी पळवून मग वाचा. माझे आता +१ आणि +५. एमएएफ, थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर सगळे मूळचेच.

ज्या गाड्यांत एमएएफ नाही, हवा मॅप सेन्सरवरून (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) मोजली जाते, त्यांनी चांगल्या स्प्रिंगचा ओपन व्हॉल्व्ह खुशाल लावावा. माझा डब्यात पडून आहे. विकीन, पण एमएएफवाल्या गाडीसाठी कुणी मागितला तर देणार नाही.