ऑर्क पुस्तकातला घ्यावा, इतिहास बदलून घ्यावा की आपल्या मातीत आणावा?

गावात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायच्या खेळाचा डाव मांडू पाहणाऱ्या डंजन मास्टरला (म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याला) नियमांची अडचण आता फारशी उरलेली नाही, कारण पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतात. ऑर्क (सुळे असलेली दांडगी लढाऊ जमात), ड्राऊ (भूगर्भात राहणारी, बहुधा दुष्ट मानली जाणारी एल्फ जमात), राक्षस ही ठरलेली पात्रे पुस्तकात आहेत तशी घ्यायची, त्यांचा इतिहास बदलायचा, की त्यांना थेट आपल्या मुलखात आणायचे, हे मात्र पहिल्या डावाआधीच ठरवावे लागते.

पुस्तकाबरहुकूम खेळण्यात तयारी कमी लागते आणि नव्या खेळाडूंना शत्रू कोण ते लगेच कळते. पण १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या शत्रूंची माहिती देणाऱ्या पुस्तकातला ऑर्क जन्मतःच दुष्ट आहे, त्यामुळे त्याच्याशी बोलण्याला अर्थच राहत नाही. त्याच पुस्तकातला राक्षस मंत्रवलेल्या बाणाने मरतो. तपशील रंजक आहे, पण झाडीपट्टीच्या रंगमंचावरचा रावण पाहत वाढलेल्यांना तो अपुरा वाटेल. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळा गावात तर रावणाची पूजा होते. एकाच पात्राकडे दोन बाजूंनी पाहण्याची आपल्या लोकांना आधीपासून सवय आहे. शिवाय पुस्तकही जागचे हलले आहे: २०२४च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये ऑर्क हा खेळाडूने निवडायच्या मूळ पर्यायांपैकी एक आहे.

इतिहास बदलण्याचा उत्तम नमुना म्हणजे कीथ बेकर यांनी या खेळासाठी रचलेले, २००४ साली आलेले एबेरॉन हे विश्व. तिथले गॉब्लिन (एरवी क्षुद्र शत्रू मानली जाणारी जमात) माणसांच्या आधीच्या मोठ्या साम्राज्याचे वारस आहेत आणि तिथल्या ऑर्कांनी एका ड्रॅगनकडून निसर्गविद्या शिकून दुसऱ्या लोकातून आलेले आक्रमण थोपवले. ऑर्काचे रूप ओळखीचेच राहते. बदलते ते तो तसा का आहे याचे कारण. हे कारण खेळताना उलगडते, आणि म्हणून मला हा मार्ग सर्वांत सकस वाटतो. १९८८च्या कादंबरीतून आलेला ड्रिझ्ट हा सज्जन ड्राऊ तितकाच लोकप्रिय आहे, पण सुरुवातीच्या कादंबऱ्यांत त्याच्या निमित्ताने त्याचा समाज बदलत नाही. चांगला जवळजवळ तो एकटाच, बाकी समाज जसाच्या तसा. फक्त एक अपवाद निर्माण करून थांबणाऱ्या डंजन मास्टरने हे लक्षात घ्यावे.

तिसऱ्या मार्गात सर्वाधिक आनंद आहे आणि जोखीमही. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावासारखा (मालगुजारांच्या काळातल्या जुन्या सिंचन तलावासारखा) एक तलाव कल्पावा, ज्याची पाळ ऑर्कांची वस्ती पिढ्यानपिढ्या राखत आली आहे. खेळाडू तलवारी उपसून पाळेवर चढतात, तेव्हा म्हातारा ऑर्क शस्त्र उचलत नाही, तो खाली बसून फुटलेल्या जागी माती दाबत असतो आणि न वळता विचारतो, “वरच्या गावानं पाणी कधी सोडलं?” एवढ्या एका प्रश्नाने लढाईचा डाव पाणीवाटपाच्या तंट्यात बदलतो आणि तो तंटा टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला समजतो.

मात्र सुळेवाला, जंगलात राहणारा ऑर्क उभा करून त्याला गोंड किंवा कोरकू समाजाचे देव, गोदणे वा बोली चिकटवणे मी साफ चुकीचे मानतो. त्याच टेबलावर त्या समाजाचा मुलगा बसलेला असू शकतो, आणि नसला तरी चूक तितकीच राहते. तलाव घ्यावा, शेतीचे वेळापत्रक घ्यावे, भांडणाचे कारण घ्यावे. जिवंत माणसांची ओळख घेऊ नये.

सगळेच खेळाडू नवे असतील, तर पहिला डाव पुस्तकाप्रमाणे खेळून पुढच्या डावात एकाच समाजाचा इतिहास उलगडावा. वाचून आलेले खेळाडू असतील, तर सुरुवातीलाच दुसरा मार्ग घ्यावा आणि काय बदलले आहे ते आधी सांगू नये; फक्त ज्याने ऑर्क किंवा ड्राऊ पात्र निवडले आहे, त्याला त्याच्या समाजाची खरी हकिकत डावाआधी एकट्याला सांगावी, कारण ती त्याला लहानपणापासून ठाऊक असणार.