पाच प्लसवालं सनस्क्रीन आणि सोसायटीतलं 'मोफत' शिबिर

नागपुरात एप्रिल लागला की सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. एक कूलरला खस बसवून देणाऱ्यांचे, दुसरे त्वचेच्या मोफत शिबिरांचे. खसवाल्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. हे लिहिते आहे ते दुसऱ्यांबद्दल, कारण आमच्या घरातल्या दोघींना त्याचा त्रास झाला आणि तीच टोळी आता दुसऱ्या वस्त्यांत फिरते आहे असं कानावर आलं.

आमच्याकडे रविवारी सकाळी हॉलमध्ये बॅनर लागलं: 'उन्हाळा स्पेशल, तज्ज्ञ डॉक्टरांकडून मोफत स्किन चेकअप.' पांढरे कोट घातलेल्या दोन मुली, एक टायवाला पोरगा, एक लॅपटॉप. सगळे त्यांना 'डॉक्टर मॅडम' म्हणत होते आणि त्याही 'ओ' देत होत्या. नाव, पदवी, मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, यातलं काही बॅनरवर नव्हतं. गालावर पेनासारखा कॅमेरा टेकवला की स्क्रीनवर चंद्राचा पृष्ठभाग दिसायचा. छिद्रं, डाग, लाल रेघा. वरच्या मजल्यावरच्या काकूंपासून दहावीच्या पोरीपर्यंत प्रत्येकीला एकच निदान: "मॅडम, सन डॅमेज खूप आहे, आत्ता नाही थांबवलं तर परमनंट होईल." इतकं मोठं करून पाहिलं तर कुणाचीही कातडी तशीच दिसते. पण बाजूला पंधरा जणी पाहत असताना आपला गाल स्क्रीनवर आला की बाई घाबरतेच.

मग कार्डाचा खेळ. पांढरं कार्ड, त्यावर जांभळा टॉर्च मारला की कार्ड जांभळं होतं. अर्ध्या कार्डावर त्यांचं क्रीम फासलं, पुन्हा टॉर्च मारला, तेवढा भाग पांढराच राहिला. टाळ्या. तसला टॉर्च नोटा तपासायला वापरतात आणि कार्डही ऑनलाइन मिळतं. दोन्ही मागवून मी नंतर घरी टूथपेस्टचा जाड थर देऊन पाहिला, कार्ड तसंच पांढरं राहिलं. शिवाय उन्हातून आपल्यापर्यंत पोचणाऱ्या अतिनील (यूव्ही) किरणांचे दोन प्रकार, यूव्हीए आणि यूव्हीबी. त्या टॉर्चचे किरण यूव्हीए पट्ट्यातले असतात. उन्हानं कातडी भाजते ती मुख्यतः यूव्हीबीनं, आणि त्यापासून किती संरक्षण मिळतं ते सांगणारा आकडा म्हणजे एसपीएफ. म्हणजे बाटलीवरच्या एसपीएफची परीक्षा त्या टॉर्चनं होतच नाही.

किटची किंमत 1,850 रुपये. त्यात सनस्क्रीन, 'डी-टॅन नाइट क्रीम' आणि एक फेसवॉश. सनस्क्रीनवर मोठ्या अक्षरांत 'एसपीएफ 120, पीए+++++'. पीएची ही मोजणी जपानमधून आली, यूव्हीएसाठी आहे, आणि ती चार प्लसवर संपते. पाचवं प्लस यांनी स्वतःच्या मनानं छापलेलं. एसपीएफचंही तसंच: 30 चं सनस्क्रीन यूव्हीबीपैकी सुमारे 97 टक्के अडवतं, 50 चं सुमारे 98. त्यापुढे आकडा कितीही फुगवला तरी फरक उरतो नखाएवढा.

"सकाळी एकदा लावा, दिवसभर नो टेन्शन, पूर्ण उन्हाळा पुरेल," टायवाला सांगत होता. ट्यूब 30 ग्रॅमची. एसपीएफची चाचणी होते ती एका चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम या जाडीनं. त्या हिशोबानं चेहरा आणि मान मिळून एका वेळी सव्वा ग्रॅमच्या आसपास लागतं. दिवसातून दोनदा लावलं तर ट्यूब दोन आठवडेही टिकत नाही. नागपूरचा उन्हाळा केवढा असतो ते तुम्हाला सांगायला नको. पैसे यूपीआयवर घेतले, समोर नाव कंपनीचं नाही, कुणा माणसाचं. पावती म्हणजे लेटरहेड नसलेली चिठ्ठी, जीएसटी क्रमांक नाही.

पहिला फटका बसला नणंदेच्या मुलीला. मे महिन्यात मैत्रिणींबरोबर वॉटर पार्कला गेली. घरून निघताना ते क्रीम हातभर लावलं आणि 'दिवसभर नो टेन्शन' म्हणत दुपारभर पाण्यात. संध्याकाळी खांदे थोडे लाल दिसत होते, तेव्हा काही वाटलं नाही. भाजल्याची लाली यायलाच काही तास लागतात आणि दुसऱ्या दिवशी ती कळसाला पोचते. रात्री पोरगी पाठ टेकवू शकत नव्हती. "मामी, चादरसुद्धा लागून राहिली वं," म्हणून रडत होती. सकाळी खांद्यावर फोड. आजी तुपाची वाटी घेऊन आल्या, त्यांना थांबवलं. भाजलेल्या जागी तूप-तेल लावलं की उष्णता आत कोंडते. साध्या गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, बर्फ नाही, फोड फोडले नाहीत, पाणी भरपूर पाजलं आणि डॉक्टरांकडे नेलं.

तिची आई म्हणाली, "काहून बाप्पा, पाण्यात तर गार होतं ना?" हाच घोळ आपल्याकडे सगळ्यांचा होतो. उष्णता आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पारा 45 वर गेला म्हणून कातडी भाजत नाही आणि अंग गार आहे म्हणून वाचत नाही. उथळ पाण्यात किरण पोचतातच. सूर्य जितका डोक्यावर तितके ते तीव्र. नागपूर 21 अक्षांशावर आहे, म्हणून 26 मेच्या सुमारास दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, नेमका तेव्हाच. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली की समजायचं, कातडी लवकर भाजणार. आणि चांगल्यातलं चांगलं सनस्क्रीनही दर दोन तासांनी, पाण्यातून बाहेर आल्यावर आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावावं लागतं. दिवसभर टिकतं असं म्हणणारा माणूस विकायला बसलेला आहे, एवढंच कळतं.

दुसरा फटका जास्त वाईट, कारण आधी तो फायदा वाटला. माझी जाऊ रोज स्कूटीवर नागपूरबाहेर बुटीबोरीला जाते. रापलेले हात आणि काळवंडलेला चेहरा हे तिचं जुनं दुःख. नाइट क्रीम लावायला लागली आणि आठवड्याभरात चेहरा असा उजळला की अख्ख्या बिल्डिंगीनं विचारलं. तिच्याकडे पाहून आणखी चौघींनी किट घेतलं. ही टोळी पुन्हा आली ती त्याच वेळी, दुसऱ्या डब्याची ऑर्डर घ्यायला.

महिना-दीड महिन्यानं गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर पुरळ आली. क्रीम बंद केलं तर दोन दिवसांत तोंड पेटल्यासारखं झालं. लावलं की शांत, सोडलं की आग. धंतोलीतल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी चेहरा पाहिला, डबी हातात घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "बंद केल्यावर भडकतं का?" त्यांच्या मते ही लक्षणं क्रीममधल्या स्टेरॉइडची. असं क्रीम रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून लाली जाते आणि चेहरा गोरा दिसतो. आठवड्या-महिन्यांत कातडी पातळ होते आणि उन्हाला जास्तच हळवी होते. म्हणजे ऊन लागू नये म्हणून विकत घेतलेली वस्तू उन्हालाच दार उघडून देते. ही औषधं 2018 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. ते क्रीम कसं सोडायचं हेही डॉक्टरांनाच विचारून ठरवा, असं त्यांनी बजावलं.

आणि रापलेपणाचं म्हणाल तर तो डाग नाहीच मुळी. किरणांनी इजा झाली म्हणून कातडीनं केलेला तो बचाव आहे, आणि तोही जेमतेम एसपीएफ 3-4 एवढा. उन्हापासून जपलं तर वरची कातडी बदलत जाते तसा तो काही आठवड्यांत आपोआप उतरतो. जी वस्तू आठवड्यात उतरवून दाखवते, तिच्यात काय आहे ते आधी विचारा.

टायवाल्याचा फोन आता बंद लागतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "वहिनी, आम्ही फक्त हॉलचं भाडं घेतलं." शिबिर घेणाऱ्याचं ओळखपत्र, पत्ता, काहीही त्यांच्याकडे नाही. हॉल देण्याआधी या दोन गोष्टी घेतल्या असत्या तर आज तक्रारीत नाव तरी लिहिता आलं असतं.

डबीवर काय असायला हवं ते आता मला तोंडपाठ झालंय. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि घटकांची यादी. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक. आमच्या डबीवर फक्त 'जर्मन टेक्नॉलॉजी' होतं आणि झाडाच्या एका पानाचं चित्र.

जाऊबाईंना डॉक्टरांनी सांगितलं ते फार महाग नव्हतं. औषधाच्या दुकानातलं बिलावर घेतलेलं एसपीएफ 30 किंवा 50 चं, यूव्हीए संरक्षण असलेलं सनस्क्रीन, निघण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी. वर सनकोट, हातमोजे, गॉगल आणि आपला नेहमीचा दुपट्टा, पण घट्ट विणीचा. तलम, उजेडात आरपार दिसणाऱ्या दुपट्ट्यातून किरणंही आरपार जातात, आणि तो ओला करून बांधला तर गार वाटतं, संरक्षण मात्र कमी होतं. हे ऐकून ती खरंच नाराज झाली, कारण ओला दुपट्टा ही तिची खास युक्ती होती.

तक्रार आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे केली आहे. नागपुरात त्यांचं विभागीय कार्यालय आहे, टोल फ्री क्रमांक 1800222365. पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे आम्हाला विचारलं गेलं ते एवढंच: डबी आहे का, खोका आहे का, पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट आहे का, बॅनरचा फोटो आहे का. चौघींपैकी तिघींनी रागानं डब्या कचऱ्यात टाकल्या होत्या. तुमच्याकडे तसलं किट असेल तर लावणं थांबवण्याबद्दल आधी डॉक्टरांशी बोला, आणि उरलेलं क्रीम खोक्यासकट बांधून कपाटात ठेवा. यूपीआयच्या पावतीचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, कारण फोन बदलला की तो शोधताना नाकी नऊ येतात.