पट्टा, मंत्र की इगतपुरी?

ध्यान सुरू करायचंय, पण मेंदूच्या लहरी दाखवणारा पट्टा विकत घ्यावा, मंत्रध्यान शिकावं की दहा दिवस विपश्यनेला बसावं, हे ठरत नसेल तर आधी लहरींचं थोडं समजून घ्या. जर्मनीतल्या येना इथले डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत आलेख घेतला. (त्याच वर्षी लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी योगाच्या शास्त्रीय अभ्यासासाठी कैवल्यधाम सुरू केलं, हा योगायोग मला फार आवडतो.) बर्गरना सापडलेल्या अल्फा लहरी, म्हणजे सेकंदाला ८ ते १३, नुसते डोळे मिटून स्वस्थ बसलं तरी बहुतेकांच्या वाढतात. त्यामुळे ‘अल्फा अवस्थेत नेतो’ एवढ्याच शब्दावर पैसे मोजू नका.

पट्ट्याचा फायदा खरा आहे: घरी बसता येतं, मन भरकटलं की आवाजातून खूण मिळते, नवख्याला सवय लागते. पण कपाळावर आणि कानांजवळ मोजकेच संवेदक असतात. पापणी लवली, दात आवळले की आलेखात तेही उमटतं. ‘गॅमा वाढला’ (गॅमा म्हणजे अल्फाहून बऱ्याच वेगवान लहरी) या आकड्यावर तर माझा अजिबात विश्वास नाही. २००४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी तिबेटी परंपरेतल्या आठ साधकांमध्ये तीव्र गॅमा लहरी नोंदवल्या, पण त्या साधकांची बैठक होती दहा ते पन्नास हजार तासांची!

मंत्रध्यान संसारी माणसाला सोयीचं. त्यातल्या भावातीत ध्यानात (महर्षी महेश योगींची पद्धत) सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं बसायचं, खुर्चीवरही चालतं. शिकण्याचं शुल्क मात्र असतं. ते परवडत नसेल तर घरातला नामजप आहे. पद्धत वेगळी, पण रोज बसण्याची शिस्त तोही लावतो.

इगतपुरीचं धम्मगिरी, म्हणजे विपश्यनेचं केंद्र, सगळ्यात कठीण, आणि माझ्या मते सगळ्यात खोल. पहाटे चारला घंटा, आर्य मौन (बोलणं नाही, खाणाखुणाही नाहीत), फोन जमा, दिवसाला सुमारे दहा तास बैठक. पहिले तीन दिवस फक्त श्वास; शरीरातल्या संवेदना पाहणं चौथ्या दिवसापासून. पाठ आणि गुडघे बोलू लागतात, आणि त्या दुखण्याकडे न हलता पाहणं हीच तिथली शिकवण. शुल्क नाही, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर पुढच्यांची सोय होते. मानसिक आजार असेल किंवा पूर्वी होऊन गेला असेल, तर अर्जात लपवू नका आणि आधी डॉक्टरांशी बोला.

आणि समाधी? १९६१ साली दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या संशोधकांनी दोन योग्यांची नोंद घेतली. त्यांचा हात पाऊण तासाहून अधिक काळ ४ अंशाच्या पाण्यात होता, तरी अल्फा मोडला नाही. आत काय चाललं होतं, ते आलेखातून कळत नाही. म्हणून उच्च अवस्थेची ओढ असलेल्याला मी पट्टा सुचवणार नाही. दोन महिने रोज वीस मिनिटं बसून पाहा. बैठक टिकली तर इगतपुरीचा अर्ज भरा, आणि रजा दहा नव्हे, बारा दिवसांची टाका. यायचा-जायचा दिवस त्यात धरावा लागतो.