प्यूजेट साउंडमधील 'पंप-आउट' सेवा: धक्क्यावरची आणि फिरती

उन्हाळ्यात सिअ‍ॅटलहून भाड्याची शिडाची नौका घेऊन प्यूजेट साउंड या अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सागरी खाडीत फिरायला निघणारी मंडळी वाऱ्याचा अंदाज, नांगर टाकण्याच्या जागा आणि खाण्यापिण्याची व्यवस्था चोख पाहतात. परंतु नौकेतील शौचालयाची टाकी कुठे व कशी रिकामी करायची, हा प्रश्न ती भरत आल्यावरच पुढे येतो. येथे मैला पाण्यात सोडून देण्याची मुभा नाही, त्यामुळे मरीनांमधील, म्हणजे खासगी नौका लावण्याच्या धक्क्यांवरील, मैला उपसण्याच्या सेवेशी, म्हणजेच तिथे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'पंप-आउट'शी, गाठ पडतेच. धक्क्यावरचे पंप आणि नौकेपाशी येणारी फिरती सेवा, अशा दोन्ही सोयी मी वापरल्या आहेत.

आधी कायद्याविषयी, कारण त्याशिवाय या सेवेचे मूल्यमापन करता येत नाही. अमेरिकेच्या स्वच्छ जल कायद्याच्या ३१२ व्या कलमानुसार, किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत, कायमचे बसवलेले शौचालय असलेल्या नौकेवर तटरक्षक दलाने प्रमाणित केलेली, मैला हाताळणारी यंत्रणा असावी लागते. तिचे तीन प्रकार आहेत. पहिल्या दोन प्रकारांत मैल्यावर नौकेतच प्रक्रिया करून पाणी बाहेर सोडतात: पहिल्यात शंभर मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू १००० पर्यंत चालतात, दुसऱ्यात २०० पर्यंतच, आणि ६५ फुटांहून लांब नौकेला पहिला प्रकार चालत नाही. तिसरा प्रकार म्हणजे नुसती साठवण टाकी. भाड्याच्या नौकांवर बहुधा हीच असते. १० मे २०१८ पासून प्यूजेट साउंड, तसेच त्याला जोडलेली लेक युनियन व लेक वॉशिंग्टन ही तळी 'नो डिस्चार्ज झोन', म्हणजे नौकेतील मैला सोडण्यास पूर्ण मनाई असलेले क्षेत्र, झाली आणि प्रक्रिया केलेले पाणी सोडणेही बंद झाले. कालवे आणि शिंपले पाणी गाळून त्यातले अन्न घेतात, त्यामुळे पाण्यात उरलेले जंतू थेट ताटापर्यंत पोहोचू शकतात, हे त्यामागचे मोठे कारण आहे. परिणामी महागडे प्रक्रियायंत्र बसवलेल्या नौकेचा मालकही आता आमच्याच रांगेत उभा असतो.

या व्यवस्थेतील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी तरतूद फारशी चर्चेत येत नाही. राज्याला असा संपूर्ण मज्जाव करायचा असेल, तर मैला उपसण्याची सोय पुरेशी आणि सहज उपलब्ध आहे, असा निर्वाळा आधी केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेने द्यावा लागतो. प्यूजेट साउंडबाबत तो २०१७ मध्ये मिळाला. धक्क्यावरचा पंप ही मरीनाची मेहेरबानी नसून बंदी ज्या अटीवर उभी आहे ती अटच आहे, आणि म्हणून बंद पंपाच्या बाबतीत मी उदार राहणार नाही.

धक्क्यावरचा पंप वापरणे मुळीच अवघड नाही, फक्त घाई करू नये. डेकवर डिझेल, पिण्याचे पाणी आणि मैला यांची झाकणे जवळजवळ असतात, म्हणून 'वेस्ट' असे कोरलेले झाकण नीट वाचूनच उघडावे. हातमोजे घालून नळीचे तोंड त्या छिद्रावर घट्ट बसवायचे, पंप सुरू करायचा आणि मग नळीची झडप उघडायची. तोंडाजवळच्या पारदर्शक भागातून आतला प्रवाह दिसतो. टाकी रिकामी झाली की थोडे पाणी ओतून पुन्हा उपसावे, म्हणजे तळाचा गाळ निघतो. टाकीची हवेची नळी तुंबलेली असेल तर पंपाच्या ओढीने टाकी आत दबू शकते, याची कल्पना नौका ताब्यात देणाऱ्याने द्यायला हवी; आम्हाला कोणी दिली नव्हती. तिथली पाण्याची नळी पिण्याच्या टाकीला लावू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

बहुतेक ठिकाणी मला पैसे पडले नाहीत. याचे श्रेय १९९२ च्या 'क्लीन व्हेसल' कायद्याला आहे: त्याखाली अशा पंपांचा तीन चतुर्थांशापर्यंत खर्च केंद्राच्या निधीतून भागतो, आणि वेगळे समर्थन न देता पाच डॉलरपेक्षा जास्त शुल्क आकारता येत नाही. तक्रार आहे ती देखभालीबद्दल. एका गजबजलेल्या मरीनात नळीच्या तोंडाचे रबर इतके झिजले होते की पंप मैल्याऐवजी हवाच ओढत राहिला; दुसरीकडे पंप बंद असल्याची पाटी थेट पंपावरच होती, म्हणजे नौका वळवून, दोर बांधून झाल्यावर वाचायला मिळणारी. रविवारी संध्याकाळी तर रांगेमुळे चालू पंपही निरुपयोगी ठरतो.

फिरती सेवा याउलट सुखाची आहे. पंप व मोठी टाकी बसवलेली छोटी बोट ठरल्या वेळी आपल्या नौकेला येऊन लागते, माणूस स्वतः सगळे करतो आणि टाकी धुऊनही देतो. खासगी सेवेला पैसे पडतात आणि शनिवार-रविवारची वेळ आधी ठरवावी लागते; वयस्कर आईवडील सोबत असताना मी तेवढे पैसे आनंदाने देईन.

जाता जाता एक खुलासा, कारण मर्चंट नेव्हीतले मित्र हमखास सांगतात, "बारा मैलांच्या बाहेर गेलं की सोडून दे." तो नियम मारपोल या जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या परिशिष्टातला: टाकीत साठवलेला, प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडे, किमान चार नॉट (तासाला चार सागरी मैल) वेगाने जाताना, हळूहळू सोडता येतो. परंतु तो आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, ४०० टन किंवा त्याहून अधिक ढोबळ टनभाराच्या किंवा पंधराहून अधिक माणसांचा परवाना असलेल्या जहाजांसाठी आहे, आणि अमेरिकेने ते परिशिष्ट स्वीकारलेलेही नाही. तुमच्या तीस फुटी नौकेला त्याचा काडीचा उपयोग नाही.

धक्क्यावरच्या सेवेला पाचपैकी तीन गुण, फिरत्या सेवेला साडेचार. धक्क्यावरच जाणार असाल तर परतीच्या दिवशी सकाळी लवकर जा, निघण्यापूर्वी पंप चालू आहे का हे फोनवर विचारा, आणि नौका ताब्यात घेतानाच मैला समुद्रात सोडणारी झडप बंद करून प्लास्टिकच्या न सुटणाऱ्या पट्टीने किंवा कुलपाने पक्की केली आहे ना, हे स्वतः पाहा. नुसती बंद असणे कायद्याला पुरत नाही.